दोन नंबरला एक रुसलेला

...तर तो दोन नंबरच्या टेबलावरचा गृहस्थ ताडकन उठला आणि म्हणाला, "मी रुसलोय हे तुम्हाला कुणी सांगितलं हो?"

भोंगा हातात ट्रे घेऊन जागच्या जागी थिजला. त्या गृहस्थाने मागवला होता साधा बिनसाखरेचा चहा. पण या हॉटेलात बिनसाखरेच्या चहाला 'रुसलेला' म्हणतात, हे नवख्या माणसाला कसं ठाऊक असणार? भोंग्याने आपली नेहमीची हाळी दिली होती, "दोन नंबरला एक रुसलेलाऽऽ!" आणि नशीब असं, की स्वारी खरोखरच बायकोशी भांडून, गाल फुगवून बसलेली! समोरची बायको आधी गोरीमोरी झाली आणि मग पदर तोंडाला लावून जी हसत सुटली, की डोळ्यांतून पाणी. शेवटी तोही हसला. ती दोघं आज सत्तरीला आली, तरी दर आठवड्याला येतात आणि दोन नंबरलाच बसतात.

भोंगा म्हणजे तिथला वेटर. हे नाव हॉटेलातलं नाही, शाळेतलं. हजेरीला बाकीची पोरं "हजर" म्हणायची, हा म्हणायचा तेव्हा कौलांवरची कबुतरं उडायची. गुरुजी कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे भोंग्या, तू हजर आहेस हे शेजारच्या गावालाही कळलं. बस खाली!" चौथीनंतर शाळा सुटली, पण नाव काही सुटलं नाही.

आणि त्या हॉटेलला असाच गळा हवा होता. मालकीणबाईंच्या आजोबांनी ते बांधलं तेव्हा धुराचा त्रास नको म्हणून भटारखाना पार मागे, लांबलचक बोळाच्या टोकाला नेला. पुढे संगमरवरी गोल टेबलं, पारा उडालेले आरसे, कुरकुरणाऱ्या खुर्च्या. मागे आचारी आणि त्याची भट्टी. मधल्या बोळातून आवाज पोचवायचा तर शब्द खणखणीत हवा. म्हणून भोंग्याने आपली भाषाच बनवली. कडक चहा म्हणजे 'सासरा', जास्त साखरेचा 'जावई'. करपायला आलेला टोस्ट 'उन्हातला'. बिनकांद्याचं ऑम्लेट 'न रडणारं'. आचाऱ्याला चिठ्ठी लागत नसे, भोंग्याला वही लागत नसे. चाळीस वर्षं दोघांचा संसार असा आवाजावर चालला.

मग गळाच बसला. स्वरयंत्रावर गाठ निघाली. डॉक्टरांनी ती काढली, साधी होती म्हणाले, जीव वाचला; पण यापुढे कुजबुजीपलीकडे आवाज नाही. भोंगा दोन महिने घरात खिडकीशी बसून. बायको म्हणायची, "चाळीस वर्षं सगळा आवाज हॉटेलात सांडून यायचात, घरात हूं नाही की चूं नाही. मला तर काही फरकच जाणवत नाही बाई!" तो हसायचा. पण मनात एकच किडा वळवळत होता, की बिनआवाजाचा भोंगा कुणाला हवाय? मालकीणबाई चांगल्या मनाच्या, फुलांचा गुच्छ देतील, चार गोड शब्द बोलतील आणि बोळवण करतील.

शेवटी बायकोनेच धुतलेला सदरा पुढे टाकला. "जा, बघून या. गिऱ्हाईक म्हणून जा. चहा पिऊ नका असं कुठं सांगितलंय डॉक्टरांनी?"

गेला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा पुढच्या दाराने शिरला आणि खुर्चीवर बसला. बसल्यावर कळलं, की चार नंबरची खुर्ची डुगडुगते. इतकी वर्षं लोक बिचारे बोलले नाहीत!

हॉटेलात सगळा सावळागोंधळ. मालकीणबाईंची भाची आता चिठ्ठ्या लिहून आत पळत होती. आत भट्टीची वाफ, आचाऱ्याच्या चष्म्यावर धुकं. चिठ्ठी नाकाला लावली तरी अक्षर दिसेना. सासऱ्याच्या जागी जावई जात होता, जावयाच्या जागी भलताच कुणी. दोन नंबरच्या आजोबांसमोर गोड चहा आला. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. तेवढ्यात त्यांची नजर भोंग्यावर पडली. भोंग्याने तोंड उघडलं, पण बाहेर आली नुसती हवा.

तेव्हा आजोबाच उभे राहिले आणि फाटक्या आवाजात ओरडले, "दोन नंबरला एक रुऽऽसलेला!"

बोळाच्या टोकाहून आचारी गरजला, "कोण रे तो बोंबलतोय? सूर चुकला! भोंगा 'ला' लांबवतो, 'रु' नाही!"

सगळं हॉटेल खदखदून हसलं. समोर बसलेल्या आजी म्हणाल्या, "तीस वर्षं रुसताय, तरी नीट रुसता येईना!"

आचारी पंच्याला हात पुसत बाहेर आला. भोंग्याला पाहिलं आणि म्हणाला, "आलास? या पोरीच्या चिठ्ठ्यांनी जीव नकोसा झालाय. उद्यापासून ये."

"आवाज गेला रे," भोंगा कुजबुजला.

"आवाज पोरीकडे आहे की! परवा उंदीर दिसला तर बोळातली भिंत हादरली. तिला शब्द ठाऊक नाहीत, तेवढीच अडचण."

मालकीणबाई गल्ल्यावरून उठून आल्या. हातात फुलं नव्हती. त्यांनी एक पक्की, न डुगडुगणारी खुर्ची उचलून बोळाच्या तोंडाशी ठेवली. "तुम्ही इथे बसायचं. गिऱ्हाइकाचं ऐकायचं, हिच्या कानात सांगायचं, ही ओरडेल. आणि नवीन शब्द सुचला तर तोही तुम्हीच ठरवायचा. जमेल?"

भोंगा मान खाली घालून टेबलावरची भेग बोटाने चाचपत राहिला.

भाचीला धीर कुठला! ती वाकून म्हणाली, "काका, तुम्ही चहा कसा घेता हो? आचारीमामा म्हणतात, तुमच्या चहाला नावच नाही. उरेल तो उभ्या उभ्या प्यायचात. मग आता काय ओरडू?"

भोंग्याने तिच्या कानाशी तोंड नेलं.

"ओरड, 'बोळाच्या तोंडाशी एक हजर!' आणि अशी ओरड पोरी, की शेजारच्या गावाला कळलं पाहिजे."