वेळ सांगणारी

जुन्या मॅट्रिकच्या वर्षी माझा उजवा गुडघा फिरला आणि खो-खोच्या संघातली माझी जागा गेली. पलूसला आमच्या शाळेच्या मैदानावर, साध्या सरावात, कुणाचा धक्का न लागता. सांगलीच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. ते निघाल्यावर मी चालू लागले, पण पळणं संपलं ते संपलंच. त्या दिवसांत मला सगळ्या जगाचा राग यायचा, आणि माझ्या जागी घेतलेल्या मुलीचा तर फारच. ती बिचारी नीट पळायचीसुद्धा नाही, म्हणून आणखी राग.

आमचे पी.टी.चे सर फौजेतून आलेले. मूळचे साताऱ्याकडचे, हवालदार होऊन निवृत्त झालेले. त्यांनी मला घरी बसू दिलं नाही. विज्ञानाच्या खोलीतलं स्टॉपवॉच हेडमास्तरांकडून मागून आणलं, माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, संघाबरोबर यायचं, वेळ सांगायची. मला तो धीर देण्याचा प्रकार वाटला होता. खरं कारण नंतर कळलं.

वेळ सांगणं हे काम वाटतं तितकं किरकोळ नाही. डाव सात मिनिटांचा. बचावाच्या मुली तिघी-तिघींच्या तुकडीनं आत येतात आणि अंगाला हात लागेपर्यंत पळतात. पळणारीला वेळ दिसत नाही. टेबलावरचे पंच मिनिटं पुकारतात, पण लोकांच्या गलक्यात ते कुणाला ऐकू येतं? एक ओळखीचा आवाज तेवढा कानात शिरतो. किती उरलंय ते कळलं की दम कसा वाटून घ्यायचा ते ठरवता येतं. सुसाट पळायचं, की खांबाच्या आडोशानं हुलकावण्या देत श्वास जमवायचा, हे सगळं त्या एका आकड्यावर असतं.

आमच्या संघातली खरी पळणारी एकच. ती आणि मी चौथीपासून एका बाकावर. अंगानं काडी, वेण्या वर बांधलेल्या, आणि चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नाही. मला तिचा हेवा वाटायचा हे आता कबूल करायला हरकत नाही. तिच्या वडिलांनी तिला शब्द दिला होता: राज्याच्या संघात नाव आलं, तर मॅट्रिकनंतर पी.टी.च्या बाई होण्याचं शिक्षण घ्यायला पाठवीन. नाही आलं, तर घरी. वडील शब्दाचे पक्के होते. तो दोन्ही बाजूंनी पाळतील, हे तिला ठाऊक होतं.

निवड साताऱ्याच्या स्पर्धेत व्हायची होती. अंतिम सामना झाला की निवड समिती नावं वाचणार होती. आम्ही एसटीनं गेलो आणि एका शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून उतरलो. मैदानाभोवती निवृत्त फौजींची ही गर्दी. सर त्यांच्यातलेच, पण एकाशी धड बोलेनात. सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नाही. रुमालाची घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची.

उपांत्य सामन्यात मला त्यांचं गुपित कळलं. आमचा शेवटचा बचाव चालला होता आणि ती एकटीच आत उरली होती. सरांनी मैदानाकडं चक्क पाठ फिरवली आणि कुंपणाकडं तोंड करून उभे राहिले. लढाई पाहिलेला हा माणूस, पण घड्याळाचा काटा आणि पळणारी पोर एकदम बघणं त्यांना झेपत नव्हतं. म्हणून स्टॉपवॉच माझ्या हातात होतं. पाठमोऱ्यानंच त्यांनी विचारलं, किती? मी म्हटलं, अडीच मिनिटं.

“एक सांग,” ते म्हणाले. “मनाला शेवट दिसला की पाय चालत्यात. फौजेत आमालाबी असंच चालवलं. आलंच, त्या टेकडीपल्याड हाय, म्हणून. धा टेकड्या झाल्या तरी आलंच.”

मी ओरडले, एक मिनिट. मग बऱ्याच वेळानं अर्धं मिनिट, मग वीस सेकंद, मग पुन्हा वीस. ती जीव तोडून पळाली आणि शेवटची लांब शिट्टी होईपर्यंत टिकली. आम्ही जिंकलो. मुलींनी तिला उचललं. सरांनी वळून पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. त्या मान हलवण्यानं मी केवढी फुगले होते! गुडघा गेल्यापासून पहिल्यांदाच सामना मी जिंकून दिल्यासारखं वाटत होतं.

नळावर हातपाय धुताना तिनं मला गाठलं. “माझं येक मिनिट आज लय लांबलं गं,” ती म्हणाली. “खरं किती व्हतं?”

मी म्हणाले, “येकच व्हतं.”

मैदानावरचं खोटं सरांचं होतं. हे मात्र माझं. सरांनी असं सांगायला सांगितलं नव्हतं. मला त्यांची बाजू राखायची होती, आणि त्याहून जास्त, मला त्या विजयातला माझा वाटा सोडायचा नव्हता. तिनं क्षणभर माझ्याकडं बघितलं, बरं म्हणाली आणि परकराच्या काठाला पाय पुसून निघून गेली. तिला पटलं, असं मी धरून चालले.

पण मन खात राहिलं. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्याला निघताना सर म्हणाले, कालच्यासारखंच करायचं, असेल त्याच्या निम्मं सांगायचं. मी हो म्हटलं आणि मनाशी ठरवलं की आज खरं सांगायचं. तिला काही न सांगता आपली आपणच चूक निस्तरायची, असा माझा हिशोब. आज मला त्या शहाणपणाची चीड येते. नळावर जाऊन दोन वाक्यं बोलले असते तर सगळं मिटलं असतं. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं.

सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या बचावात आम्ही एका गुणानं पुढं होतो आणि आत पुन्हा ती एकटीच. ती बाद झाली की बरोबरी होणार होती, आणि तिच्यामागून येणाऱ्या तुकडीत दमाचं कुणी नव्हतं. सरांनी पाठ फिरवलेली. मी घड्याळात बघितलं आणि सगळा जोर लावून ओरडले, “पन्नास सेकंद!”

तिनं ते ऐकलं. मला ते तिच्या मानेवरून कळलं. आणि तिनं वेग सोडला. खांबाजवळ गेली आणि आखूड पावलं टाकत, हुलकावण्या देत श्वास जमवू लागली. पन्नास सेकंदांसाठी हे कशाला, मला कळेना. मी चाळीस म्हटलं. तिनं पाहिलंसुद्धा नाही. मी तीस म्हणायला तोंड उघडलं आणि समोरच्या मुलीनं खांबाला वळसा घालून तिच्या पाठीवर हात टेकवला.

नवी तुकडी बावरून आत गेली. त्यातली एक काही सेकंदांतच चुकीच्या बाजूला वळली आणि सापडली. आम्ही हरलो.

ती चुन्याच्या रेषेबाहेर डोकं गुडघ्यांत घालून बसली होती. शिट्टी कधी झाली याचंही तिला भान नव्हतं. मी लंगडत जवळ गेले, तर मान वर न करता म्हणाली, “मी दुप्पट धरलं गं. काल तू येक म्हणलीस तवा दोनाच्या वर व्हतं, मला कळत न्हाई व्हय? म्हणून आज दम ठिवला. खरं किती व्हतं?”

मी बोलणार होते. शपथेवर सांगते, शब्द तोंडात आले होते. तेवढ्यात सर आले. साऱ्या मुलींसमोर तिच्यापुढं उकिडवे बसले आणि म्हणाले, “पोरी, चूक माझी. वेळ खोटी सांगाय मीच लावली. कालबी आन आजबी. हिचा काय दोष न्हाई.”

तिनं डोकं वर केलं. सरांकडं नाही, माझ्याकडं पाहिलं. “आजबी?”

मी खाली बघितलं. गप्प राहिले. एवढंच मी केलं.

टेबलावरून राज्याच्या संघातली नावं वाचली गेली. तिचं नव्हतं. परतीच्या एसटीत ती पुढं बसली आणि सर सगळ्यात मागं. त्या दिवसानंतर ती सरांशी एक अक्षर बोलली नाही. वडिलांनी शब्द पाळला. सरांनी संघ दुसऱ्याकडं सोपवला आणि वर्ष संपताच नोकरी सोडून साताऱ्याला गेले. ज्या खोट्यासाठी ते गेले, ते त्या दिवशी कुणी बोललंच नव्हतं.

पुढं मी शिक्षिका झाले. काही वर्षांनी साताऱ्याच्या स्टँडवर सर भेटले. थकले होते, पण पाठ ताठ. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं की ती कधी त्यांच्याबद्दल काही बोलते का. मी म्हटलं, बोलते की सर, चांगलंच बोलते. त्यांना एवढं बरं वाटलं की मला तिथं उभं राहवेना. त्यानंतर ते भेटले नाहीत, आणि आता ते नाहीत.

ती कुपवाडला असते. तिच्या मालकांचं वर्कशॉप आहे, आता मुलगा बघतो. मी सांगलीहून अधूनमधून जाते. मागच्या खेपेला टीव्हीवर कसलीशी शर्यत चालली होती, त्यावरून सरांचा विषय निघाला. त्या माणसानं माझं वाटोळं केलं, असं ती अगदी शांतपणे म्हणाली, इतक्या वर्षांनीही. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “तुझ्यावर म्या कवा राग धरला न्हाई. तू काय करणार? त्यांनी सांगितलं तसं तू बोललीस.”

नेमकं तेच मी केलं नव्हतं. मी चहा संपवला, निघते म्हटलं, आणि ती मला रिक्षापर्यंत सोडायला आली.