संपतरावांचा आवाज

घशाच्या कॅन्सरमुळे ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागणार असे, त्यांचा आवाज ऑपरेशनच्या आधी रुग्णालयातल्या वाचा-उपचारतज्ज्ञ पद्मजा आगाशे रेकॉर्ड करून ठेवत. एक सीडी घरच्यांना देत, दुसरी स्वतःकडे. रुग्णालयातून निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या सगळ्या सीड्या शनिवार पेठेतल्या घरी आणल्या. ऊन आणि ओल लागू नये म्हणून त्या आतल्या खोलीतल्या कपाटात उभ्या लावून ठेवल्या होत्या.

गेल्या आठवड्यात हडपसरहून संपतराव आले, बायको तुळजाबाई आणि नात शेफाली यांच्यासोबत. एकेकाळी संपतराव मंडईत भाजीचा लिलाव पुकारायचे. शेफाली जन्मली तेव्हा त्यांचा आवाज जाऊन वर्ष झालं होतं. आता दुखणं पुन्हा उलटलं होतं, आणि शेफालीला आजोबांचा आवाज एकदा ऐकायचा होता.

"तुमच्याकडची सीडी?" पद्मजाताईंनी विचारलं.

तुळजाबाई खाली बघत म्हणाल्या, "पाखरं येऊ नयेत म्हणून पेरूला टांगली व्हती, ताई. मला काय ठावं त्या चकतीत ह्यांचा आवाज हाय!"

पद्मजाताईंनी आपली सीडी काढली आणि उजेडात धरली. मधल्या भोकापासून केसाएवढी चीर गेली होती.

"स्पष्ट सांगते. ही जोरात फिरली तर आतच फुटेल. हळू फिरवून बघता येईल, पण खात्री नाही. लावू की राहू दे?"

शेफालीने आजोबांकडे पाहिलं. संपतरावांनी टेबलावर दोनदा बोट आपटलं. लावा.

पद्मजाताईंनी कॉम्प्युटरच्या जुन्या ड्राइव्हचा वेग सर्वांत कमी केला. आधी वाजवायचं नाही, आधी कॉपी करून घ्यायची, असं त्यांनी बजावलं. पडद्यावर कॉपीची निळी पट्टी सरकू लागली. अर्ध्यावर ती थांबली. आतून कुरकुर आली.

"बंद करा ना!" शेफाली ओरडली.

"हात लावू नकोस." पद्मजाताईंनी पट्टीवरची नजर हटवली नाही.

पट्टी पुन्हा हलली, थोडी पुढे गेली, आणि आत टक् असा आवाज झाला. ड्राइव्ह थांबला. सीडी बाहेर आली ती दोन तुकड्यांत.

पद्मजाताईंनी जेवढं उतरलं होतं तेवढं सुरू केलं.

"मेथी! मेथी बघा मेथी! बोला, कोण वाढवतंय?" खणखणीत आवाजाने खोली भरली. मग तोच आवाज हळू झाला, "बास का, ताई? तुळजे, तू रडू नको बरं." पुढचं वाक्य अर्ध्यात तुटलं.

तुळजाबाईंनी पदर तोंडाशी धरला. संपतराव ओठ हलवत होते, त्या आवाजाच्या बरोबरीने. शेफालीने पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा.

ते तिघं घरी गेल्यावर पद्मजाताईंनी त्याच वर्षाच्या बाकीच्या सीड्या काढल्या आणि एकेक उजेडात धरू लागल्या. तिसरीवरही चीर होती; तिच्यावर मुक्ताबाईंचं नाव होतं. त्यांनी फोन उचलला आणि मुक्ताबाईंच्या घरचा नंबर लावला.