पिवळी खूण

“गाडी बोलत नाहीये,” घाणेकर मॅडम म्हणाल्या, आणि मला हसू आलं.

मी ते दाबलं. त्यांना दिसलं असणार. मी इंदूरला महागड्या गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये सीनियर टेक्निशियन आहे. स्टीअरिंग, सस्पेंशन आणि ब्रेक, ही माझी कामं. बावीस वर्षं झाली. “गाडी आजकल उदास है” म्हणणारे ग्राहकसुद्धा मी पाहिलेत. बहुतेकदा टायरमध्ये हवा कमी असते.

“बोलत नाही मतलब?” मी विचारलं.

“स्टीअरिंग सरळ असताना मध्ये एक जागा आहे, तिथे काही नसतं. रिकामं. आधी नव्हतं.”

चारच दिवसांपूर्वी मी त्यांच्या गाडीचा स्टीअरिंग रॅक बदलला होता. रॅक म्हणजे तुम्ही चाक फिरवता ती हालचाल पुढच्या टायरांपर्यंत नेणारा दांडा. खड्ड्यात आपटून जुना रॅक खडखडत होता. नवा यायला दीड महिना लागला. काम माझं, सही माझी.

“मॅडम, नवा पार्ट आहे. सेट व्हायला वेळ लागतो,” मी बोललो.

“अविनाशजी, लोखंड सेट व्हायला वेळ लागत नाही. ते बसतं किंवा बसत नाही.”

त्यांना असं बोलण्याचा हक्क होता. सुलभा घाणेकर, वय चौसष्ट. पोलोग्राउंडला त्यांचा ग्राइंडिंगचा कारखाना आहे. पंपांचे शाफ्ट, म्हणजे आत फिरणारे दांडे, तिथे घासून अचूक मापाला आणतात. माणसं ठेवलीत, पण शेवटचा शाफ्ट त्या स्वतः बोटांनी फिरवून बघतात आणि मग पेटीत जाऊ देतात. बासष्टाव्या वर्षी त्यांनी ही गाडी घेतली. दोन सीटची, सीटच्या मागे इंजिन, बसताना जमिनीवर बसल्यासारखं वाटतं. त्यांच्या घरात सगळे म्हणाले, या वयात हे काय. त्या दर रविवारी सकाळी एकट्या मानपुर नाहीतर सिमरोलकडे निघायच्या आणि पोह्याच्या वेळेला परत यायच्या.

मी गाडी अलाइनमेंट मशीनवर चढवली. हे मशीन चारही चाकं कुठल्या कोनात उभी आहेत ते मोजतं. बरोबर असलं की आकडा हिरवा, चूक असला की लाल. सगळे आकडे हिरवे आले. मी प्रिंट काढून त्यांच्यासमोर ठेवला.

“हे बघा. एकही लाल नाही.”

त्यांनी कागद नीट वाचला. “चालवून बघितली तुम्ही?”

“दोनदा,” मी बोललो.

एकदाही नव्हती. अंगणातून मशीनवर आणली, तेवढंच. आणि त्याहून वाईट गोष्ट म्हणजे रॅक बदलल्यावरही चालवली नव्हती. त्या दिवशी संध्याकाळ झाली होती, दुसऱ्या दिवशी रंगपंचमी, अर्धा स्टाफ आधीच गायब. राजवाड्याकडचे रस्ते बंद व्हायला लागले होते, सगळीकडे जाम. आमच्या जॉब कार्डावर एक ओळ असते, ‘रोड टेस्ट, किती किलोमीटर’. मी तिथे आठ लिहिलं आणि पुढे ‘ओके’.

तर मॅडम कागद हातात धरून उभ्या होत्या. मला वाटलं, आता समजावून सांगायला पाहिजे. मी आवाज मऊ केला आणि म्हणालो, “मॅडम, राग मानू नका. या गाड्यांना फार बारीक हात लागतो. वय वाढलं की बोटांतलं समजणं जरा कमी होतं. माझ्या वडिलांचंही झालं होतं. गाडी तीच असते.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. “असेल,” म्हणाल्या, कागदाची घडी केली आणि गेल्या.

मॅनेजर खंडेलवाल सरांनी विचारलं, “क्या बोल रही थीं मॅडम?” मी सांगितलं, “कुछ नहीं सर. शौक बड़ा है, समझ कम है।” ते हसले. मीही हसलो.

आठेक दिवसांनी मॅडमनी सरांना फोन केला. तक्रार नव्हती. अविनाशजींना एक सकाळ माझ्यासोबत पाठवाल का, एवढंच. सर म्हणाले, “जाओ भिया, घूम के आओ। मॅडम का मन रह जाएगा।”

सकाळी सात वाजता आम्ही खंडवा रोडने निघालो. त्या चालवत होत्या, मी शेजारी. मी त्यांचं चालवणं तपासायचं ठरवूनच बसलो होतो. दहा मिनिटांत ते सोडून दिलं. सिमरोलपर्यंत त्यांनी एकदाही ऐंशी ओलांडली नाही. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात पाय स्थिर, बाहेर पडताना हळूच रेस. कुठे धक्का नाही.

“तुम्हाला वाटत असेल मी स्पीडसाठी घेतली,” त्या म्हणाल्या. “आपल्याकडे स्पीडला रस्ता कुठे आहे? मला साठवरही हिची मजा येते.”

“कशाची?” मी विचारलं. खरं सांगायचं तर बावीस वर्षांत हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता.

“ब्रेक लावला की वजन पुढे येतं, बरोबर ना? मग स्टीअरिंग जड होतं. वळणात शिरलं की आणखी जड होत जातं. टायर सुटायच्या बेतात आला की सुटण्याआधी हलकं होतं. सांगतं, बाई, आता बस. मागची चाकं काय करून राहिलीत ते सीटमधून कळतं, कमरेला. साध्या गाडीत हे सगळं रबरात मुरून जातं. आरामासाठी मुरवतातच. हिच्यात येऊ देतात. ग्राइंडिंग करताना हँडलवर हात असतो तेव्हा दगड शाफ्टला किती लागलाय ते मला डोळे मिटून कळतं. तसंच. मशीन मला सांगतं आणि मी त्याला उत्तर देते. माझ्या वयाच्या बाईला दिवसभरात इतकं खरं कोण सांगतं?”

हे सगळं मला माहीत होतं. वेट ट्रान्सफर, ग्रिप, फीडबॅक, कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात. मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. पण कुणी असं त्यात राहून बोललेलं ऐकलं नव्हतं.

घाटाच्या तोंडाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली. “आता तुम्ही.”

मी चालवायला बसलो. पहिलं डावं वळण, ठीक. सरळ रस्ता, पुन्हा डावं. मग उजवं वळण आलं. मी चाक मधून उजवीकडे नेलं आणि माझ्या तळहातात काहीतरी हललं. आवाज नाही, टक् नाही म्हणता येणार. तांदळाच्या दाण्याएवढी रिकामी जागा. चाक फिरलं आणि खाली काही फिरलं नाही. मग फिरलं.

ती जागा कुठली ते मला त्याच क्षणी कळलं. तुमच्या हातातल्या चाकापासून एक दांडा खाली येतो आणि रॅकला जोडला जातो. त्या जोडावर एकच बोल्ट असतो, आणि अलाइनमेंट मशीनला तो दिसत नाही. तो नवाच वापरायचा असतो आणि टॉर्क रेंचने घट्ट करायचा असतो. टॉर्क रेंच म्हणजे ठरलेली ताकद लागली की थांबायची सूचना देणारा पाना. मग त्यावर पिवळ्या रंगाची खूण करायची, म्हणजे हा झाला. रंगपंचमीच्या आदल्या दिवशी मी तो बोल्ट बोटांनी लावला होता. तेवढ्यात सरांनी दुसऱ्या ग्राहकाशी बोलायला बोलावलं. परत आलो आणि खालचं कव्हर लावायला घेतलं. ते सगळं चित्र घाटात उजव्या वळणावर माझ्यासमोर उभं राहिलं. तो बोल्ट गळून पडला असता तर हातात नुसतं चाक राहिलं असतं. मॅडम बारा दिवस ती गाडी चालवत होत्या. दोन रविवार, दोन घाट.

“जाणवलं?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी बोललो. “पण आलोच आहोत तर वर्कशॉपला घेऊ. एकदा खालून बघतो.”

मी गाडी वळवली आणि परतीचा सगळा रस्ता चाळीसवर आणली. ट्रक हॉर्न देत पुढे जात होते. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर घेतली, कव्हर काढलं. बोल्ट दोन बोटांनी फिरला. खूण नव्हती. मी स्टोअरमधून नवा बोल्ट आणला, लावला, रेंचने घट्ट केला, पिवळी खूण केली. खूण जरा वाकडी आली. पाच मिनिटांचं काम. मग हात पुसले, बाहेर आलो आणि म्हणालो, “काही नव्हतं मॅडम. सगळं ओके.”

का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. नोकरी गेली नसती. फार तर मेमो मिळाला असता. पण त्यांच्या वयाबद्दल बोलून बसलो होतो, आता तोंड कसं उघडायचं, असं काहीतरी होतं.

त्यांनी किल्ली घेतली, पोलोग्राउंडला एक चक्कर मारली आणि परत आल्या. काच खाली केली.

“आता बोलतेय. काय केलंत?”

“काही नाही. खालचं कव्हर जरा सैल होतं.”

त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे नीट बघितलं. “बरं,” म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळी खंडेलवाल सरांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्यासमोर स्टोअरची यादी होती. मॅडमच्या नावावर एक स्टीअरिंगचा बोल्ट निघालेला.

“ये क्या है, अविनाश?”

मी सांगितलं. सगळं, रोड टेस्टसकट. त्यांनी पेन खाली ठेवलं. “मॅडम को पता है?”

“नाही सर.”

“कुछ हुआ तो नहीं ना?”

“नाही.”

“तो छोड़ो भिया। आगे से ध्यान रखना।” त्यांनी यादी फाइलला लावली.

मला वाटलं होतं, सुटलो असं वाटेल. उलट झालं. दोन दिवस माझं कुठल्याच कामात लक्ष लागेना. लावलेला प्रत्येक बोल्ट मी परत परत बघत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुटीत मी मॅडमच्या कारखान्यात गेलो.

त्या ऑफिसमध्ये बसल्या होत्या, समोर डबा. मी उभ्याउभ्याच सांगितलं. बोल्ट माझ्याकडून सैल राहिला. रोड टेस्ट केली नव्हती, तरी लिहिली. नंतरही दोनदा चालवली म्हणालो ते खोटं होतं. परवा बोल्ट बदलला आणि काही नव्हतं म्हणालो.

“बसा,” त्या म्हणाल्या. “चहा घेणार?”

“नको.”

“तुम्ही परतताना गाडी चाळीसवर आणलीत, तेव्हाच मला कळलं होतं. घाबरलेला माणूस तसा चालवतो.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “बोल्ट राहतो, अविनाशजी. माझ्या कारखान्यातही राहतो. गेल्या आठवड्यात एक शाफ्ट माप चुकून गेला, ग्राहकाने परत पाठवला. मी माफी मागितली, दुसरा दिला. बस.”

त्यांनी डबा बाजूला सरकवला.

“पण तुम्ही मला म्हणालात, बोटांतलं समजणं कमी झालंय. मी ते खरं मानलं. इतकी वर्षं या कामात असलेला माणूस सांगतोय, वर मशीनचा कागद आहे. त्याच आठवड्यात मी डॉक्टरकडे गेले. त्यांनी बोटांना सुया टोचून बघितल्या, हातात करंट सोडून तपासलं. आणि रिपोर्ट येईपर्यंत मी इथे शेवटचा शाफ्ट बघणं बंद केलं. माझ्या फोरमनला सांगितलं, तू बघ, माझ्या हाताचा भरवसा नाही. तो चुकीचा शाफ्ट त्याच आठवड्यात गेला.”

बाहेर मशीन चालू होतं.

“रिपोर्ट काय आला?” मी विचारलं.

“नॉर्मल.” त्या उठल्या. “तुम्ही आलात ते बरं केलंत. पण आता जा. मला काम आहे.”

मी दारापर्यंत गेलो, परत वळून माफी मागितली. त्यांनी मान हलवली. हो म्हणून की जा म्हणून, ते कळलं नाही.

मॅडमची गाडी अजून आमच्याकडेच येते. मी लपलो तर आवाज ऐकू येतो, न लपलो तर दिसते. त्यांनी सरांना माझी तक्रार केली नाही. फक्त एवढं सांगितलं, की कामाला दुसरा माणूस द्या. त्यांची गाडी आता माझ्या जागेवर लागत नाही. समोर आल्या की “नमस्कार अविनाशजी” म्हणतात. त्यात राग नसतो, हे जास्त लागतं.

आता माझ्याकडे नवीन टेक्निशियन शिकायला येतात, त्यांना मी एक क्रम सांगतो. ग्राहक म्हणाला, काहीतरी चुकतंय, तर पहिला संशय आपल्या पान्यावर घ्यायचा. मग पार्टवर. मग मशीनच्या कागदावर. ग्राहकावर सगळ्यात शेवटी. पोरं वहीत लिहून घेतात. हा क्रम मी कुठे शिकलो ते मात्र मी अजून एकालाही सांगितलेलं नाही.