पाठीमागचं माणूस

आमच्या गावात पप्पांना सगळे ओळखायचे, पण त्यांना खेळताना नीट पाहिलेलं कुणीच नव्हतं. रविवारी टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलचा सामना लागला की सगळ्यांचे डोळे चेंडूमागे जायचे, आणि चेंडू पप्पांकडे कधी येतच नसे. लाइनमनचं कामच तसं. चेंडू फेकणारा मागे उभा असतो, त्याला आडवं करायला समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं धावत येतात, आणि मध्ये पाच जणांची भिंत. त्या भिंतीत पप्पा डावीकडून दुसरे. लाउडस्पीकरवर त्यांचा नंबर ऐकू यायचा तो फक्त त्यांची चूक झाली की. हंगामात मध्येच ते गावी आले की शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासळीच्या जेवणाला कुणीतरी हटकून विचारायचं, "काय लॅडी, गेल्या रविवारी तुझा नंबर नाही ऐकला?"

"नाही ना?" पप्पा बटाटा भरलेल्या पिरोहीचा घास गिळत म्हणायचे. "मग चांगला खेळलो."

लॅडिस्लाव कोस्टेल्निक. त्यांचे वडील नदीकाठच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर होते. पप्पा खेळाच्या शिष्यवृत्तीवर कॉलेजात गेले त्याच उन्हाळ्यात भट्टी कायमची विझली. पुढे नऊ हंगाम ते मोठ्या शहरांच्या संघांतून खेळले. गुडघे संपले तेव्हा गावी परत आले, आणि शाळेच्या संघातल्या जाडजूड, लाजऱ्या मुलांना भिंत व्हायला शिकवू लागले. "मागे वळून बघायचं नाही," ते सांगायचे. "बघितलंस की गेलास. मागचं माणूस कुठं आहे ते पाठीला कळलं पाहिजे."

त्यांच्या डोक्याला असा मोठा मार कधी बसला नव्हता. बसायचे ते बारीक धक्के, प्रत्येक डावाला, कपाळावर कपाळ. कुणी फारच भेलकांडला तर संघाचा माणूस त्याच्यापुढे बोटं धरून "किती?" विचारायचा. तो दर वेळी दोनच बोटं धरायचा, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्टेवो काका, पप्पांचा धाकटा भाऊ, यावरून त्यांना आयुष्यभर चिडवत आला. "आमच्या लॅडीचं गणित दोनपर्यंतच. पण पक्कं."

साठी यायच्या आधीच पप्पा गावातले रस्ते विसरू लागले. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासायला हात नुसता वर केला, तेवढ्यात ते म्हणाले, "दोन." आई हसली. बाई हसल्या नाहीत. पुढं काय काय होत जाईल ते त्यांनी शांतपणे सांगितलं, आणि कधीतरी यांना अशा रुग्णांच्या एखाद्या आश्रमात ठेवावं लागेल असंही.

"ते राहू दे," परतताना गाडीत आई म्हणाली. "हा माझ्या घरात राहील. मला दुसरं काही नको."

मग पप्पा स्वयंपाकघरात उभे राहू लागले. आई ओट्यापाशी कोबी-नूडल परतत असायची आणि पप्पा तिच्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून, गुडघे किंचित वाकवून उभे.

"लॅडी, सरक जरा. मला कपाट उघडायचंय."

ते न वळता खेकड्यासारखे आडवे सरकायचे. ती गेली तिकडं त्यांची पाठ जायची.

"लग्नाला इतकी वर्षं झाली," आई मला म्हणायची, "आता कुठं हा स्वयंपाकघरात पाऊल टाकायला लागलाय."

ईस्टरच्या दुपारी स्टेवो काका आला. एका हातात हॅम, दुसऱ्या हातात अक्रोड भरलेल्या गोड पावाची गुंडाळी. दर सणाला तो आईला उचलून पोल्का नाचाची एक गिरकी घ्यायचा. त्याही दिवशी त्यानं हातातलं टेबलावर टाकलं आणि हात पसरले. "इर्मा, आता तरी कबूल कर, भाऊ निवडताना चुकलीस," असं म्हणत तो तिच्याकडे धावला.

पप्पांचं काम मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. मागे दोन आखूड पावलं, कंबर खाली, कोपरं अंगाशी, आणि दोन्ही तळवे काकाच्या छातीवर. इतकंच. काका बश्यांच्या कपाटावर जाऊन आदळला. पप्पांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, आईकडेही नाही. ते पुन्हा गुडघे वाकवून दाराकडे बघत राहिले.

फुटलेल्या बश्यांमध्ये पडल्या पडल्या काका म्हणाला, "सुंदर केलंस रे. पास पोचला का?" मग त्याचा चेहरा पांढरा पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं.

रुग्णवाहिकेतले दोघे लगबगीनं आत शिरले तर पप्पांनी त्यांनाही दारातच अडवलं. आई मागून विनवत होती, "लॅडी, अरे ते मदतीला आलेत, येऊ दे त्यांना." तिचा आवाज चढला तसे ते आणखीच घट्ट रोवून उभे राहिले. शेवटी काकाच एका हातानं फरशीवर सरपटत, मागच्या दारानं बाहेर गेला.

त्यानंतर आईनं वाद घातला नाही.

आश्रम नदीपलीकडे आहे. आई रोज जायची. ती खोलीत आली की पप्पा खुर्चीतून उठून तिच्यापुढे उभे राहायचे. गोळ्या देणारी जवळ येऊ शकत नसे, जेवणाचं ताट दाराबाहेरच राही. एका मदतनिसाचा हात मुरगळला. तेव्हा तिथल्या मुख्य बाई, थेल्मा बाउझर, आईला बाजूला घेऊन बसल्या.

"राग मानू नकोस, इर्मा. तू नसतेस तेव्हा तो कोकरासारखा असतो. जेवतो, गोळ्या घेतो, दुपारी झोपतो. तू आलीस की तो कामावर जातो."

"मी एका कोपऱ्यात बसेन. बोलणारसुद्धा नाही."

"कोपऱ्यात बसलीस तरी त्याला कळतं ना."

"मग आठवड्यातून एकदा येऊ?"

 बाउझरबाई आईच्या कोटाच्या बाहीवरून हात फिरवत राहिल्या.

आता मी जाते. आई सोबत येते, पण गाडीतून उतरत नाही. पप्पांची खिडकी इमारतीच्या मागच्या बाजूला आहे, तिथून आमची गाडी उभी असते ती जागा दिसत नाही. आत पप्पा खुर्चीत सैलावून बसलेले असतात, वाकड्या बोटांचे हात मांडीवर उघडे. एक मदतनीस त्यांची दाढी करतो आणि ते हनुवटी वर करून देतात. मी आले तरी उठत नाहीत. माझ्याकडे बघून ओळखीचं हसतात, कदाचित ओळख नसतानाही.

बाहेर आले की आई काच खाली करते.

"जेवला?"

"जेवले. बटाटा मागून घेतला."

"उठला होता का?"

"नाही. बसूनच होते सारा वेळ."

ती मान हलवते. थोडा वेळ समोरच्या विटांच्या भिंतीकडे बघते, मग पट्टा ओढून लावते आणि म्हणते, "चल, काढ गाडी."