जुन्या मानकाची निवृत्ती आणि घरचा मिक्सर

इंटरनेटवरून फायली पाठवण्याची एक जुनी पद्धत निवृत्त करावी, असा पाच पानांचा मसुदा मी लिहिला होता. माझा पहिलाच. त्या पद्धतीत पासवर्ड पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा उघडा जातो, एवढेच माझे म्हणणे. निवृत्त केल्याने काही बंद पडत नाही; नव्या कामाला ही वापरू नका, असा शिक्का तेवढा बसतो. तो मारायचा की नाही हे जगभर विखुरलेला आमचा स्वयंसेवकांचा गट ठरवतो, आणि हा गट हात वर करत नाही, गुणगुणतो. आधी बाजूचे ‘हूंऽ’ करतात, मग विरोधातले, आणि अध्यक्षबाई कानाने कल ठरवतात.

मालवणच्या घरी ओटीवर लॅपटॉप मांडून बसलो. ती पद्धत मुळात ज्यांनी लिहिली ते सत्तरीपुढचे गृहस्थही त्या ऑनलाइन बैठकीत होते. ते विरोधात गुणगुणले की माझा मसुदा बुडालाच.

“देवळात कौल घेतत तसाच मां ह्या?” आईने विचारले.

“तसाच. फक्त देवाची पाकळी कुठल्या बाजूने पडते ते बघायच्या जागी आवाज ऐकायचा.”

“आणि देव खंय?”

तेवढ्यात बाईंनी बाजूचे मत विचारले. सगळे गुणगुणले आणि काहीच ऐकू आले नाही. कॉलचे सॉफ्टवेअर आमची गुणगुण पंख्याचा आवाज समजून गाळत होते. सगळ्यांनी ती सोय बंद केली. पुन्हा विचारल्यावर असा दणदणीत आवाज उठला की बाई म्हणाल्या, “भारताचा पाठिंबा फारच जोरदार दिसतो.”

मला गुदगुल्या झाल्या. पण आत बायको बांगड्याच्या आमटीसाठी मिक्सरवर खोबरे वाटत होती, आणि खोटा पाठिंबा मला पचत नाही. “माफ करा, यातला बराच आवाज मिक्सरचा आहे,” मी सांगितले. बैठक हसत सुटली.

“मिक्सर बंद कर गो जरा.”

“माजा मत मोजूचा नाय तर खोबऱ्याचा वाटप तुमीच करा,” आतून उत्तर आले. पण मिक्सर थांबला.

तिसऱ्यांदा गुणगुण झाली, दहा पट्ट्यांतली. मग विरोध विचारला. मी पडद्यावर त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या चौकटीकडे बघत राहिलो. त्यांचे ओठ मिटलेले, आणि बाकी कोणाचाही आवाज नाही.

“मघाच्या गुणगुणीतला बेसूर आवाज माझा होता,” ते म्हणाले. “बाजूनेच. माझ्या घरीसुद्धा ती पद्धत आता कोणी वापरत नाही.”

बाईंनी एकमत जाहीर केले, तरी खुशीत माझे गुणगुणणे थांबेना. शेवटी त्यांनीच माझा माइक बंद केला.