दोन पेले पावडर

अकोल्याच्या दवाखान्यात माझं अर्धं पोट काढलं, तेव्हा वॉर्डात एक ठेंगणा कंपाउंडर होता. कडू औषधाला तो शरबत म्हणे आणि ताकदीसाठी दुधात कालवलेल्या प्रोटीनच्या पावडरीला बासुंदी. तिला भिजलेल्या सरकीचा वास यायचा. मी दोन दिवस पेला परत केला. वजन घसरतच होतं.

तिसऱ्या दिवशी त्यानं दोन पेले कालवले. एक स्वतः घटाघटा पिऊन मिशा पुसल्या. "काहून रुसून राहिले, मास्तर? घ्या आता!"

लाजेनं मी प्यालो. मग रोज तसंच चाललं आणि मी बाळसं धरलं.

निघताना नर्सबाई हसून म्हणाल्या, "त्याला दूध सोसत नाही. रोज मोरीवर जाऊन ओकायचा."

मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मंग? वजन तुमचं वाढवाचं होतं, माझं नाई!"