तीन चुलींचा रेडिओ

प्रोग्रॅममधला जुना कोड काढून टाकता येतो. किस्से मात्र काढता येत नाहीत, ते साचतच जातात. दर रविवारी पनवेलजवळ विचुंब्याला नितीन म्हात्रेच्या बंगल्यात, वरच्या मजल्यावर आम्ही चौघं जमतो, आणि घरी येताना काम थोडं झालेलं असतं नि किस्सा एक वाढलेला असतो!

काम काय, तर रेडिओ. पण खोक्यातला नाही. अंगठ्याएवढी एक यूएसबी काडी लॅपटॉपला लावायची, गच्चीवरून एक तार खाली आणून तिला जोडायची, आणि बाकीचा सगळा रेडिओ सॉफ्टवेअरमध्ये लिहायचा. पडद्यावर निळं पाणी वाहत असल्यासारखं दिसतं आणि त्यात कुणी बोलायला लागलं की पिवळी रेघ उमटते. कुठली रेघ कुणाची, हे शोधत बसायचं. हाच आमचा छंद.

मुकुंदकाका आमच्यात वडीलधारे. टेलिफोन खात्यातून निवृत्त, हौशी रेडिओचं लायसन्स त्यांच्याकडे आणि ठिपका-डॅशांची मोर्स लिपी तर बोटांत मुरलेली. त्यांच्या खांदा कॉलनीच्या सोसायटीने अँटेनाला परवानगी दिली नाही, म्हणून त्यांचा संदेश पाठवायचा सेटही नितीनकडेच. शबाना विंडोज सांभाळते, मी लिनक्स, आणि नितीन मॅक, कारण तो घेणं आमच्यात त्यालाच परवडतं! एकच प्रोग्रॅम तिन्हींवर चालला पाहिजे, हा आमचा हट्ट.

नितीनने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "घर एक, चुली तीन. पण कालवण सगलीकडं सारखंच लागलं पायजे!"

*

या प्रकाराला क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणतात. काकांनी तो शब्द घरी नेला.

पुढच्या आठवड्यात मी काकांकडे गेले तर लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाईंनी मला अडवलं. "तूच ना ती प्लॅटफॉर्मवाली?"

म्हटलं, "हो." बरं वाटलं, आपलं काम लोकांना माहीत आहे!

"मग त्या सरकत्या जिन्याचं काय करताय तुम्ही? सारखा बंद!"

मला काही कळेना. वर गेल्यावर उलगडा झाला. आमच्या काकूंनी अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं होतं, "आमचे हे रिटायर झाले, पण बसून नाहीत हो. पनवेल स्टेशनवर एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर जायचं काहीतरी करतायत."

काकांनी काकूंना पाऊण तास समजावलं. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पूल नाहीच का?"

*

एका रविवारी सगळी स्टेशनं अचानक मेली. पडद्यावर नुसतं निळं. मी लिनक्सवर बघितलं, तेच. नितीनने मॅकवर बघितलं, तेच. शबानाने आदल्या रात्री काही बदल केला होता, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे.

"मेरे कोडको मत देखो," ती म्हणाली, पण बिचारी दुपारपर्यंत एकेक ओळ उलटसुलट करत बसली. जेवण नाही, चहा नाही.

शेवटी काका म्हणाले, "तार बघितली का कुणी?"

गच्चीवर गेलो. आमच्या तारेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओले बोंबील लटकत होते! तार मधोमध इतकी वाकली होती की पाण्याच्या टाकीला टेकली होती.

नितीनने आईला हाक मारली. आई वर आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग? तार रिकामीच होती."

"आई, त्याच्यावर आमी रेडिओ ऐकतो!"

"ऐका ना. बोंबील कुटं बोलतान मधी?"

त्या दिवशी जेवायला त्यातलेच बोंबील होते. शबानाने दोनदा वाढून घेतले. म्हणाली, "यांनीच माझी दुपार खाल्ली, आता मी यांना खाते."

*

नितीनच्या मॅकवर एक वेगळंच दुखणं होतं. पडद्यावर ठरावीक अंतराने उभ्या रेघा, कंगव्याच्या दातांसारख्या. विंडोजवर नाहीत, लिनक्सवर नाहीत. आम्ही मॅकचा अख्खा भाग पुन्हा लिहिला. रेघा तशाच.

एकदा वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर गेले, आणि मॅकचा पडदा एकदम स्वच्छ झाला!

नितीन खुशीत ओरडला, "बघा, आपोआप सुधारला!"

वीज आली, कंगवा परत हजर. शबानाने सरळ त्याच्या चार्जरची वायर उपटली. कंगवा गायब. लावली, हजर. चार्जर बाजारातून घेतलेला डुप्लिकेट निघाला.

"अरे, एवढा महाग लॅपटॉप घेतलास आणि चार्जर असला?" काका म्हणाले.

नितीन गंभीरपणे म्हणाला, "काका, बंगला बांधल्यावर कुंपणाला पैसे उरतात का कोणाकडं?"

*

हवामानाच्या उपग्रहाचं चित्र पहिल्यांदा पकडलं तो दिवस मी विसरणार नाही. एकेक ओळ करत वरून खाली चित्र उतरत गेलं. ढग, मग गुजरातचा कान, मग आपला किनारा. नितीनच्या आईलाही बोलावलं. त्यांनी पडद्याला नाक लावून विचारलं, "आपलं विचुंबं कुटं यात?" नितीनने एका पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. तो ढग होता, पण आई समाधानाने खाली गेली.

मग शबाना आणि मी आपापल्या घरीही छोटी अँटेना लावून चित्रं पकडायला लागलो, आणि एकदा शबानाचा फोन. "माझ्याकडे चित्र उलटं येतंय. श्रीलंका वर, काश्मीर खाली. अब्बू म्हणतात, या अल्लाह, दुनिया पलट गई!"

माझ्याकडे मात्र सुलटं. म्हणजे चूक विंडोजची. तिने चित्र फिरवायचा कोड घातला. मी तिचाच कोड घेऊन लिनक्सवर चालवला, तर माझं चित्र उलटं! मी तो काढला, तिचं उलटं. असं तीन रविवार चाललं. शेवटी आम्ही एकमेकींशी फक्त मेसेजवर बोलायला लागलो, तेही जेवढ्यास तेवढं.

काकांनी दोघींना समोर बसवलं. मला विचारलं, "तू चित्र कधी पकडतेस?"

"सकाळी. ऑफिसला जायच्या आधी."

"आणि तू गं?"

"संध्याकाळी. ऑफिसहून आल्यावर."

काका हसत सुटले. "अगं, तो उपग्रहही नोकरदारच आहे! सकाळी उत्तरेकडून दक्षिणेला जातो, संध्याकाळी दक्षिणेकडून परत येतो. परतीच्या वाटेवर गावं उलट्याच क्रमाने लागणार ना?"

शबाना माझ्याकडे बघायला लागली, मी शबानाकडे. मग तीच म्हणाली, "सॉरी. चहा घेणार?" आणि उठून स्वतःच दोन कप आणले. काकांना विसरली!

*

प्रोग्रॅम आम्ही इंटरनेटवर फुकट ठेवला आहे. कोण वापरतं, कुठे वापरतं, काही पत्ता नसतो. घाईघाईत एकदा शबानाचं एक बटण आत राहून गेलं. पुढे त्याला काहीतरी काम द्यायचं होतं, म्हणून तिने त्याच्यावर मराठीत लिहून ठेवलं होतं, "बघू नंतर".

महिन्याभराने कुठल्यातरी लांबच्या देशातून एका गृहस्थांचं मेल आलं. त्यांनी त्या अक्षरांचा फोटो पाठवला होता. लिहिलं होतं की या बटणाचा अर्थ कळत नाही, पण ते दाबलं की आवाज खूपच स्वच्छ होतो, तरी कृपया हे बटण पुढेही ठेवावं.

त्या बटणाच्या मागे कोडची एक ओळसुद्धा नव्हती!

काढायचं की ठेवायचं, यावर आमची मोठी चर्चा झाली. निर्णय काय झाला विचाराल, तर बघू नंतर.

*

मग एक गूढ सिग्नल आला. हौशी रेडिओवाल्यांच्या पट्ट्यात, दिवसभर, मोर्समध्ये तीच ती चार-पाच अक्षरं. थोडं थांबून पुन्हा तीच. काकांनी डोळे मिटून ती उतरवून घेतली आणि चकित झाले. "स्टेशनच्या नावाची पहिली अक्षरं देशागणिक ठरलेली असतात. ही तर कुठल्याच देशाची नाहीत!"

आम्ही तर हवेतच. गुप्त स्टेशन? बुडणारं जहाज? काकांनी रीतसर उत्तर दिलं. स्वतःचं नाव, गाव, नमस्कार. पलीकडून पुन्हा तीच अक्षरं. काका आठवडाभर रोज विचुंब्याला येऊन त्याला बोलवत राहिले. म्हणाले, "माणूस सभ्य वाटतो, पण हट्टी आहे. स्वतःचं नाव सोडून काही बोलत नाही."

त्याच सुमारास उरणजवळच्या कोळीवाड्यात नितीनच्या मावशीकडे हळद होती. आम्हा सगळ्यांना आमंत्रण. नितीनने आपला प्रोग्रॅम नुकताच फोनवरही बसवला होता, आणि गंमत म्हणून काडी जोडून तो चालू ठेवला होता. बंदराच्या रस्त्याला लागलो तशी ती रेघ ठळक होत गेली. धक्क्यावर तर पडदाच पिवळाधमक! हळद राहिली बाजूला, आम्ही चौघं नवीन कपड्यांत फोन पुढे धरून होड्यांमधून निघालो.

एका होडीवर, जाळ्याच्या ढिगाशेजारी, एक नारिंगी पिंप पडलं होतं. त्याला लांब काठीसारखी अँटेना. बाजूला एक बाई जाळं साफ करत बसली होती.

"काय पायजे?" तिने विचारलं.

नितीन म्हणाला, "ताई, हे काय हाय?"

"जाल्याची बोया. जालं वाहात लांब गेलं की सापडाया नको? बंद कराची रायली वाटतं."

नितीनला हसू आवरेना. काकांकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हे काका आठवडाभर बोलतान तिच्याशी!"

बाईने काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कडक इस्त्रीचा झब्बा, डोक्याला फेटा. "मंग? काय बोलली आमची बोया?"

काका म्हणाले, "फक्त नाव सांगते."

"तुमी नवीन ना," बाई बोयेचं बटण बंद करत म्हणाली, "लाजत आसंल."

*

यंदाच्या हिवाळ्यात काकांनी तक्रार केली. "नव्या व्हर्जनमध्ये मोर्सचा आवाजच येत नाही. बोलणं येतं, मोर्स येत नाही."

मी लिनक्सवर तपासलं. येत होता. शबानाने विंडोजवर, नितीनने मॅकवर. येत होता. काकांना तिन्ही लॅपटॉपवर बसवून बघितलं. "नाही येत," ते तिन्ही ठिकाणी म्हणाले. "जुनं व्हर्जन लावा." जुनं लावलं. त्यांनी हेडफोन दोन्ही कानांवर दाबून धरले. मग म्हणाले, "त्यातही बिघाड होता म्हणायचा."

तीन मशीन, दोन व्हर्जन, आणि बग एकच. असं कधी होत नाही.

काकांचे साताऱ्याचे एक मित्र आहेत, बापू. दोघं तरुणपणापासून दर रविवारी सकाळी मोर्सवर गप्पा मारायचे. काका हेडफोन लावून, डोळे मिटून बसायचे. पडद्याकडे कधी बघायचे नाहीत. म्हणायचे, "रेडिओ डोळ्यांनी ऐकतात का?"

त्या रविवारीही तसेच बसले. बऱ्याच वेळाने हेडफोन काढून म्हणाले, "बापू हल्ली सेट लावतच नाही. कंटाळला असेल. वय झालं त्याचं."

आणि त्यांच्या पाठीमागे पडद्यावर बापूंची रेघ अगदी स्पष्ट उतरत होती. ठिपका, डॅश, ठिपका. बापू काकांचं नाव घेत होते, थांबत होते, पुन्हा घेत होते.

नितीनने तोंड उघडलं. शबानाने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला.

जिना उतरताना ती मला म्हणाली, "माझ्या दादीला आधी बारीक आवाजच ऐकू येईनासे झाले. बांगड्या, पाखरं. आम्ही बोललो की सगळं समजायचं, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही."

"काकांना सांगायचं?"

"मोर्सचा आवाज आपण ठरवतो ना? कोडमध्ये एक आकडा तर आहे. बदलूया."

पुढच्या रविवारी नव्या व्हर्जनमध्ये एक स्लायडर होता. शबाना काकांना म्हणाली, "काका, बग सापडला. तुमचं बरोबर होतं. आवाज उगाचच फार बारीक निघत होता. हा हळूहळू डावीकडे न्या."

काकांनी हेडफोन लावले, डोळे मिटले आणि स्लायडर सरकवायला घेतला. शिट्टीचा आवाज उतरत उतरत शंखासारखा जाड झाला. त्यांचा हात थांबला. मग चाचपडत हात मोर्सच्या किल्लीकडे गेला.

अक्षरं वाचून दाखवणारी खिडकी मी माझ्या लॅपटॉपवर चालू ठेवली होती. आधी बापूंचे शब्द उमटले, "कुठे होतास इतके दिवस. रागावलास का."

काकांची बोटं भराभर चालायला लागली. आम्ही तिघं वाकून वाचत होतो.

"सॉफ्टवेअर बिघडलं होतं. मुलींनी दुरुस्त केलं."

तासभर दोघं बोलले. मग काकांनी हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवले, चष्मा पुसला, आणि कुणाकडेही न बघता विचारलं,

"शबाना, हा स्लायडर तुझ्या काकूच्या आवाजाला बसवता येईल का गं?"